हाताने घडवलेल्या पात्याचं पॉलिश: २००० पर्यंत गेलो, तरी तिरके ओरखडे उरलेच

नवी_ऐरण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. स्वतः घडवलेली ही माझी पहिली सुरी. ती मनासारखी व्हावी असं फार वाटतंय, म्हणून जरा सविस्तर विचारतो.

पोलाद १०८४. पातं १६ सेंटिमीटर, पाठीला ३ मिलिमीटर जाड. कोमट तेलाचं पाणी दिलं (म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक केलं) आणि ठिसूळपणा कमी करायला २०० अंश सेल्सिअसला दोन-दोन तास असं दोनदा टेंपर केलं. ग्राइंडरच्या बेल्टवर ६० आणि १२० ने धारेकडचे उतार काढले (आकडा मोठा तितका दाणा बारीक). पुढे हाताने पॉलिश पेपर: २२०, ४००, ६००, १०००, १५००, २०००. शेवटी बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, पॉलिशचं हिरवं कंपाउंड.

दिवसा खिडकीत धरलं तर आरसा. रात्री टेबललॅम्पखाली घेतलं आणि जीव खाली गेला. पाठीच्या बाजूला पाच-सहा तिरके ओरखडे आहेत, नखाला लागत नाहीत पण डोळ्याला खुपतात. टोकाजवळ नखाएवढा फिकट तपकिरी डाग आलाय. आणि उतार जिथे सुरू होतो ती रेघ बेल्टवरून उतरली तेव्हा करकरीत होती, आता विरघळल्यासारखी दिसतेय.

मागे जायचं तर किती मागे? टोक वाया गेलं का? की २५०० चा कागद आणून पुढेच घासत राहू?

कानस_कागद

पहिलंच पातं आणि २००० पर्यंत चिकाटीने गेलात, मनापासून अभिनंदन. पण २५०० चा कागद आणू नका. त्याने हे ओरखडे जाणार नाहीत, उलट जास्त उठून दिसतील.

बारीक कागद खोल ओरखड्याच्या तळाला पोचतच नाही. तो फक्त आजूबाजूची जमीन गुळगुळीत करतो, आणि जमीन जितकी चमकते तितका चर काळा दिसतो. २२० वर सगळंच खरखरीत असतं, त्यात बेल्टचा ओरखडा लपून जातो. १००० नंतर तो एकटा उरतो. शेवटच्या कागदावर दिसलेला ओरखडा बहुतेक वेळा पहिल्या कागदावर राहून गेलेला असतो.

आता मला एक सांगा. ते ओरखडे एकमेकांना समांतर आहेत का? आणि साधारण पाठीकडून धारेकडे जाणारे आहेत, की वेडेवाकडे?

नवी_ऐरण

भिंग लावून बघितलं. पाच समांतर आहेत, पाठीकडून धारेकडे, किंचित तिरके. सहावा मात्र वेगळाच आहे, पात्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने जातो आणि शेवटी गळासारखा वळतो.

कानस_कागद

मग ही दोन वेगळी दुखणी आहेत.

समांतर पाच हे ६० च्या बेल्टचे. बेल्ट पात्याला आडवा फिरतो म्हणून त्याचे ओरखडे पाठीकडून धारेकडे जातात. १२० च्या बेल्टने ते पूर्ण निघाले नव्हते, आणि १२० ही त्याच दिशेने फिरल्यामुळे ते तुम्हाला दिसले नाहीत. म्हणून हाताने घासताना दर कागदाला दिशा बदलतात. २२० लांबीच्या दिशेने, ४०० तिरका, ६०० उलट बाजूने तिरका. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. सगळे कागद एकाच दिशेने मारले तर कुठली रेघ कुठल्या कागदाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सहावा वळलेला आहे तो भटक्या दाण्याचा, किंवा हात शेवटी थांबून मागे फिरल्याचा. २२० चा एखादा दाणा फळीवर, फडक्यात नाहीतर बोटाच्या पेरात राहतो आणि १००० च्या कागदाखाली सापडतो. कागद बदलताना पातं पुसा, फळी पुसा, हात धुवा, फडकंही बदला. ओलं घासत असाल तर पाणीही नक्की बदला.

तुम्हाला २२० वर परत यावं लागेल. तिथेही तासभर घासून ते पाच हलले नाहीत तर १२० चा कागद, तोही हातानेच. आता बेल्टला लावू नका, पातं पातळ झालंय, पटकन तापेल.

प्रश्नचिन्ह

मध्येच विचारतो. फक्त त्या पाच ओरखड्यांवरच घासलं तर चालणार नाही का? सगळं पातं परत कशाला?

कानस_कागद

चालणार नाही. ओरखडा घालवायचा म्हणजे आजूबाजूची सगळी जमीन त्याच्या तळाइतकी खाली आणायची. एकाच जागी घासलं तर तिथे खळगा पडतो. स्पर्शाला कळणार नाही, पण पात्यात खिडकीची चौकट बघा, तिथे ती वाकलेली दिसेल. चकाकीवर तर असा खळगा ओरखड्यापेक्षा वाईट दिसतो.

कागदामागे काय धरलंय त्यावरही बरंच अवलंबून आहे. बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या मध्ये उंचवटे राहतात आणि कडा गोल होतात. सपाट पोलादी पट्टी किंवा कडक लाकडाचा ठोकळा घ्या. शेवटच्या एक-दोन कागदांना ठोकळ्यावर पातळ चामडं चिकटवलेलं चालतं. नवी_ऐरण, तुम्ही काय वापरलं होतं?

नवी_ऐरण

बोटंच. पहिल्या दोन कागदांना खोडरबर.

कानस_कागद

रेघ का विरघळली त्याचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं अर्धं बफमध्ये आहे. बफचं चाक कापडाचं, मऊ. ते खळग्यात शिरतं आणि कड्यांवर जास्त घासतं. करकरीत रेघ त्याच्यापुढे टिकत नाही.

धातुवेडी

डागाबद्दल मी लिहिते. टोकाजवळचा डाग दोन प्रकारचा असू शकतो, आणि दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा.

एक म्हणजे साधा गंज किंवा बोटाच्या घामाचा डाग. १०८४ मध्ये साधारण ०.८४ टक्के कार्बन असतो, क्रोमियम जवळजवळ नसतंच. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. त्यामुळे ओल्या कागदाने घासून पातं तसंच ठेवलं तर काही मिनिटांत तपकिरी झाक येते. फडक्यावर जरा कंपाउंड घेऊन चोळलं की निघून जाते, चिंता नाही.

दुसरा म्हणजे तापल्याचा रंग. पोलाद हवेत तापलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. फिकट पिवळा साधारण २२० अंशांना, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८०, निळा ३०० च्या जवळ. आकडे थोडे मागे-पुढे होतात, कारण किती वेळ तापलं यावरही रंग ठरतो. पण तुम्ही २०० वर टेंपर केलंय. बफवर टोक तपकिरी झालं असेल तर ते त्या २०० च्या बरंच वर गेलंय आणि तिथला कडकपणा थोडा उतरलाय. टोक पातळ असतं, उष्णता पळायला जागा नसते, म्हणून आधी तेच तापतं.

तपासायला बारीक कानस घ्या. आधी मुठीजवळच्या धारेवर हलकेच फिरवा, मग त्याच दाबाने टोकाच्या धारेवर. दोन्हीकडे सारखीच सरकली तर ठीक. टोकाला कानस चावायला लागली, मऊ कीस काढायला लागली, तर ते टोक मऊ पडलंय. ओरखडा पडेल, पण धार अजून लावायची आहे, त्यात तो निघून जाईल.

नवी_ऐरण

ताई, कंपाउंडने चोळलं, डाग फिकट झाला पण गेला नाही. कानस मुठीजवळ काचेवर फिरवल्यासारखी सरकते. टोकाला शेवटच्या ५-६ मिलिमीटरला किंचित अडखळते, कीस मात्र निघत नाही.

धातुवेडी

म्हणजे तापलं होतं, पण फार नाही. तेवढ्यासाठी परत पाणी देण्याची गरज नाही. टोकाला थोडा लवचीकपणा असला तर ते तुटायचं कमी होतं, तसंच राहू द्या. २२० वर उतराल तेव्हा रंग आपोआप जाईल, कारण तो अगदी वरवरचा थर आहे. पण रंग गेला म्हणून कडकपणा परत येत नाही हेही ध्यानात असू द्या. पॉलिशखाली अशा गोष्टी झाकल्या जातात, म्हणून आधी कानस आणि मग कागद.

अजून एक. भट्टीतून निघालेल्या पात्याच्या कातडीतला कार्बन थोडा जळून गेलेला असतो. तो मऊ थर पूर्ण काढला होता ना? घासताना कुठे वेगळा, करडा, ढगाळ चट्टा दिसला तर तो थर उरलाय असं समजा. मऊ थरावर कागदाचे ओरखडेही जास्त खोल बसतात.

संथ_हात

बफबद्दल मला लिहायलाच हवं, कारण हा धागा नवीन माणसं वाचतील.

कारखान्यात मी बरीच वर्षं पॉलिशचं काम केलं. आमच्याकडे करवती होत्या, प्रेस होते, पण मला सगळ्यात जास्त भीती बफची वाटते. चाक मऊ दिसतं म्हणून माणूस ढिला पडतो. एकदा मी सुरीचं पातं चाकाच्या वरच्या बाजूला धरलं होतं, धार समोरून येणाऱ्या कापडाकडे. कापडाने धार पकडली. पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही, फक्त हात रिकामा झाला. पातं माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर स्टुलाच्या लाकडी पायात रुतून उभं होतं, आणि अजून थरथरत होतं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. धार लावण्याआधीच बफ, धार लावल्यावर कधीच नाही. पातं चाकाच्या मध्याच्या खालच्या भागावर टेकवायचं. धार नेहमी चाक ज्या दिशेने पळतंय त्या दिशेला, म्हणजे कापड पाठीकडून धारेकडे निसटून जाईल, समोरून धारेवर येणार नाही. टोकाकडेही तसंच. सैल हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत. चामड्याचा जाड एप्रन आणि डोळ्यांवर चष्मा. आपण चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही.

आणि थकलो असलो तर बफ चालूच करायचा नाही. त्या दिवशी मी दहा तास काम केलं होतं.

नवी_ऐरण

काका, वाचून अंगावर काटा आला. मी वरच्याच बाजूला धरत होतो. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रश्नचिन्ह

हाताने घासतानाही कापतं का? धार नसलेलं पातं असलं तरी?

संथ_हात

कापतं. १२० च्या बेल्टवरून उतरलेली कड धार नसली तरी चामडी सोलते, आणि टोक तर टोकच. पातं लाकडी फळीवर सपाट ठेवा, मुठीच्या बाजूने क्लॅम्प करा. टोक फळीच्या बाहेर डोकावता कामा नये. कागद धरलेला हात सुटला की मनगट तिथेच जातं. धारेवर चिकटपट्टी लावा. नाकाला मास्क हवाच, कोरडं घासत असाल तर जास्तच. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या जिथे पडतात तिथे लाकडाचा भुसा साठू देऊ नका. ठिणगी त्यात शिरली की आत धुमसत राहते, आग लागल्याचं उशिरा कळतं.

प्रश्नचिन्ह

कागदाच्या नंबरांचा माझा गोंधळ आहे. माझ्याकडे १००० चा कागद आहे आणि धार लावायचा १००० चा जपानी दगड आहे. दगडाने वेगळंच दिसतं.

धातुवेडी

कारण मापं वेगळी आहेत. कागदावर आकड्याआधी पी असेल तर ते युरोपीय माप. त्यात पी१२० चा दाणा सरासरी १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी२२० चा ६८, पी४०० चा ३५, पी८०० चा २२ च्या आसपास, पी२००० चा १० च्या थोडा वर. जपानी मापातला १००० हा पी१००० पेक्षा बारीक. पी नसलेलं जुनं अमेरिकन माप तिसरंच, त्यातला ६०० म्हणजे जवळजवळ पी१२००. एकाच मापाचे कागद घ्या, म्हणजे मध्ये अचानक उडी पडत नाही. तुमच्या हिरव्या कंपाउंडमध्ये बहुतेक क्रोमियम ऑक्साइड असतं, त्याचा दाणा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. अर्ध्या मायक्रॉनच्या दाण्याने ६० च्या बेल्टचा चर घालवायचा म्हणजे किती काळ लागेल याचा अंदाज करा.

निळसर

नवी_ऐरण, आरशासारखीच चकाकी हवी आहे का? माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. रोज वापरायच्या सुरीला आरसा करणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात मन मोडून घेणं. आरशावर साधं फडकं फिरवलं तरी रेघ दिसते. त्यापेक्षा ६०० किंवा ८०० वर थांबा आणि सगळ्या रेघा मुठीकडून टोकाकडे एका दिशेने घ्या. ही सॅटिन चकाकी वापरात पडलेले बारीक चरे पोटात घेते, आणि पुन्हा ताजी करायला दहा मिनिटं पुरतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ओल कमी टिकते म्हणून आरसा गंजाला थोडा चांगला, हे खरं. पण तेलाचा हात फिरवला की तो फरक उरत नाही.

आणि सॅटिन सोपी आहे असं मात्र समजू नका. शेवटचा फेरा करताना नवा कागद, ठोकळा, एक थेंब तेल, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकच अखंड ओढ. मध्ये थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. टोकाच्या पुढे हवेत निघून जायचं. तिथे थांबून मागे आलात की तो गळ उमटतो, तुमचा सहावा ओरखडा तसाच दिसतोय. चार-पाच ओढींनंतर कागदाचा तो भाग टाकून द्या. कागदात कंजुषी केली की झिजलेले दाणे कापत नाहीत, नुसतेच घासून चमकवतात, आणि चट्टे पडतात.

प्रश्नचिन्ह

यात जपानी तलवारीसारखी धारेवरची ढगांची नक्षी काढता येईल का?

निळसर

तिला हामोन म्हणतात, आणि ती पॉलिशने काढता येत नाही. ती पाणी देतानाच पोलादात तयार व्हावी लागते. पाठीवर मातीचा लेप देऊन धारेचा भाग झपाट्याने थंड केला, तर धार कडक आणि पाठ मऊ होते. हामोन म्हणजे त्या दोघांची सीमा. पॉलिश फक्त ती दाखवतं. १०८४ मध्ये मँगनीज जास्त असतं, त्यामुळे पोलाद आतपर्यंत कडक होतं आणि सीमा पुसट येते. १०९५ मध्ये मँगनीज कमी, तिथे ती छान उठते. नवी_ऐरणने लेप दिलेला नाही, त्यामुळे यात शोधायला काही नाही.

तुमच्याकडे लेप दिलेलं पातं असेल तर बफला हातही लावू नका. बफ सगळं एकसारखं चमकवून नक्षी पुसून टाकतो. हाताने १५०० पर्यंत, मग पाण्यात चांगलं पातळ केलेलं फेरिक क्लोराइड काही सेकंद, लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवणं, आणि वर आलेला काळा थर बारीक पावडरने बोटाने चोळणं. असं अनेक वेळा. फेरिक क्लोराइडला रबरी हातमोजे आणि उघडी खिडकी हवी, ते जे लागेल ते डागाळतं.

नवी_ऐरण

ठरलं. २२० वर परत जातो आणि ८०० वर सॅटिन करून थांबतो. एकच विचारायचं राहिलं: ओलं घासू की कोरडं? पाण्याने लगेच गंज धरतोय.

कानस_कागद

ओलं घासा. कागद भरत नाही आणि धूळ उडत नाही. पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. पाणी क्षारधर्मी झालं की गंज धरायला वेळ लागतो. शेवटच्या कागदाला पाण्याऐवजी हलकं तेल घ्या.

अजून एक युक्ती. घासण्याआधी सगळ्या पात्यावर मार्करने शाई फासा. सपाट ठोकळ्याने दहा-बारा ओढी घ्या. जिथे शाई उरली तिथे खळगा आहे. बोटांनी घासलंय म्हणजे तुमच्याकडे खळगे निघणारच, घाबरू नका. आणि लॅम्प समोर नको, बाजूला खाली ठेवा, उजेड पात्यावर आडवा पडला पाहिजे.

नवी_ऐरण

सोळा दिवसांनी लिहितोय.

शाई फासली आणि खरंच दोन्ही बाजूंना मधोमध बदामाच्या आकाराचे डाग उरले. बोटांनी केलेले खळगे. २२० वर एका बाजूला साडेतीन तास गेले. पहिल्या तासात चार ओरखडे जागचे हलले नाहीत, मग १२० चा कागद घेतला, तेव्हा गेले. पाठीजवळचा एक अजून दिसत होता, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. नंतरचं वाचून बरं वाटेल: ४०० ला पंचवीस मिनिटं, ६०० ला वीस, ८०० ला पंधरा. पूर्वी प्रत्येक कागदाला तास-तास घालवत होतो आणि काही होत नव्हतं.

रेघ परत करकरीत आली. पोलादी पट्टीला कागद गुंडाळून तिच्या कडेने रेघेपर्यंत आणलं. मूठ जिथे सुरू होते तिथल्या कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ आहे, तिथे ठोकळा पोचत नाही. बोटाला कागद गुंडाळून प्रयत्न केला आणि वळण गोल व्हायला लागलं, म्हणून थांबलो.

शेवटच्या फेऱ्याला ८०० चे तीन अख्खे कागद लागले. काल रात्री तोच लॅम्प आडवा धरून दोन्ही बाजू पाहिल्या. सगळ्या रेघा मुठीपासून टोकाकडे वाहत जातात. पाहतच बसलो होतो.

पण आज सकाळी पाठीजवळ अंगठ्याचा ठसा उमटलाय, नारिंगी. काल पाहताना मीच धरलं असणार.

धातुवेडी

फार सुंदर. ठसा आत्ताच काढा, ८०० च्याच कागदाने, तेल घेऊन, त्याच दिशेने. आजचा आहे तोवर वरवर असतो, ठेवला तर टोचे पडतात. घामातलं मीठ फार वाईट.

पुढे: वापरलं की धुवून लगेच कोरडं करायचं आणि मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात. स्वयंपाकाची तेलं नकोत, ती हवेत चिकट होत जातात. बरेच दिवस ठेवायचं असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण चांगलं. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना तसंच लावतात. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं.

वापरता वापरता पातं करडं-निळसर होत जाईल. ते घासून काढू नका. लाल गंज भुसभुशीत असतो, त्याखाली पोलाद खात जातो. ही करडी कातडी चिकटून बसते आणि खालच्या पोलादाला थोडं सांभाळते.

संथ_हात

कोपऱ्यातली रेघ राहू द्या. थांबलात ते उत्तम केलं.

नवी_ऐरण

धन्यवाद सगळ्यांना. ठसा निघाला. दुसऱ्या पात्याला कालच सुरुवात केली. यावेळी पाणी देण्याआधीच, पोलाद मऊ आहे तोवर, हाताने लांबीच्या दिशेने २२० पर्यंत येतोय. आणि लॅम्प घासायच्या टेबलावरून काढून बेल्टशेजारी बसवलाय.

कानस_कागद

लॅम्प बेल्टच्या डाव्या बाजूला, पात्याच्या उंचीवर बसवा. आणि ६० चे चर पूर्ण गेल्याचं दिसेपर्यंत १२० चा बेल्ट काढू नका. १२० मारताना पातं थोडं तिरकं धरा, म्हणजे दोन्ही बेल्टच्या रेघा वेगळ्या दिसतील. पाणी दिल्यावर कडेला बारीक तडा नाही ना, ते त्याच लॅम्पखाली बघून मगच टेंपरला ठेवा, पण फार वेळ लावू नका, हाताला कोमट लागतंय तोवर भट्टीत गेलं पाहिजे.